रत्नागिरीत ठेवलेला राजा

आजचा भाग रत्नागिरीवर. गणपतीपुळ्यावर नाही, मालवणवर नाही, खुद्द रत्नागिरी शहरावर. आपण कोल्हापूरकर रत्नागिरीवर जरा अन्याय करतो. पुळ्याला जाताना वाटेत जेवायला थांबायचं गाव, एवढीच आपली तिच्याशी ओळख. आता डिसेंबर आहे, शनिवार-रविवार मोकळा आहे, अंतर फक्त १३० किलोमीटरच्या आसपास. तर या वेळी गाडी तिथेच थांबवा. का, ते पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत सांगतो. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर आहेच.

रस्ता तर तुम्हाला पाठच असणार. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर आणि मग आंबा. विशाळगडाचा फाटा सोडला की घाट सुरू. सकाळी लवकर निघालात तर आंबा घाटात धुकं असं बसलेलं असतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसतात. खाली साखरपा आलं की स्वेटर काढायचा. नाणीज, पाली, हातखंबा करत रत्नागिरी. ही वाट आजची नाही. बैलांच्या पाठीवर आणि नंतर गाड्यांतून इथून शेकडो वर्षं माल चढला-उतरला आहे. वर यायचं मीठ, सुकी मासळी, नारळ. खाली जायचं धान्य, गूळ, मिरची. कोकणातली माणसं आपल्याला ‘घाटी’ म्हणतात ना, तो हाच घाट. त्यात चिडण्यासारखं काही नाही, आपण उतरून जातो म्हणून घाटी.

शहर कसं आहे ते आधी डोळ्यांसमोर आणा, कारण गोष्टीला ते लागणार आहे. रत्नागिरी सपाट नाही. जांभ्या दगडाचे टेकाड, त्यांच्यामधून वळत जाणारे चढ-उताराचे रस्ते आणि दर दोन वळणांनंतर मध्येच चमकून जाणारा समुद्र. पश्चिमेला एक डोंगर थेट पाण्यात घुसला आहे, त्यावर रत्नदुर्ग, आत भगवतीचं देऊळ, टोकाला दीपगृह. किल्ल्याच्या एका बाजूला मांडवीची काळसर वाळू, म्हणून ‘काळा समुद्र’. दुसऱ्या बाजूला मिऱ्याकडे ‘पांढरा समुद्र’. मिरकरवाड्याला मासेमारीचं बंदर. दक्षिणेला काजळी नदी समुद्राला मिळते ती भाट्याची खाडी, आणि त्या खाडीच्या वर, उंच कड्यावर, एक लालसर तीन मजली वाडा. समुद्राकडे तोंड करून.

त्या वाड्याचं नाव थिबा पॅलेस. रत्नागिरीत रिक्षावाल्याला ‘थिबा’ एवढं म्हटलं तरी पुरतं. थिबा राजा, थिबा पॅलेस, थिबा पॉइंट. नाव इतकं रुळलंय की बऱ्याच जणांना तो कोकणातलाच कुणी संस्थानिक वाटतो. तो कोकणातला नव्हता. महाराष्ट्रातला नव्हता. तो ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा होता, आणि त्याने आयुष्याची शेवटची ३० वर्षं या बंदराच्या गावात काढली. स्वखुशीने नाही.

१८७८ मध्ये थिबा गादीवर आला तेव्हा त्याचं वय १९. राजधानी मंडाले, इरावती नदीच्या काठी. त्याला आपण बिचारा, भोळा राजा करून टाकायची गरज नाही. त्याचं आसन पक्कं व्हावं म्हणून १८७९ मध्ये राजघराण्यातले कितीतरी भाऊबंद मारले गेले, त्यात बायका-मुलंही होती. त्यामागे थिबापेक्षा त्याच्या सासूचा हात जास्त होता असं पुष्कळ इतिहासकार मानतात. पण राजा तो होता. इंग्रजांनी पुढे हेच हत्याकांड जगाला पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू ते माणुसकीखातरच मंडालेला गेले होते.

खरं कारण लाकूड होतं. आपल्याकडे घर बांधताना सुतार विचारतो ना, ‘दरवाजा बर्मा टीकचा करायचा का?’ तेच सागवान. ब्रह्मदेशच्या जंगलात सागाची तोड करणारी एक मोठी कंपनी होती, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ मध्ये आपल्या मुंबईत उभी राहिलेली. गंमत बघा, ही कंपनी आजही मुंबई शेअर बाजारात आहे, तुमच्या ट्रेडिंग ॲपवर सापडेल. १८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने तिच्यावर आरोप ठेवला की तोडलेल्या ओंडक्यांचा हिशेब नीट दिला नाही, रक्कम बुडवली. जबर दंड ठोठावला. त्यात थिबाची फ्रेंचांशी बोलणी चालू होती, ती इंग्रजांना खुपतच होती. दंडाचं निमित्त मिळालं. निर्वाणीचा खलिता गेला, आणि नोव्हेंबरमध्ये जनरल प्रेंडरगास्टचं सैन्य आगबोटींतून इरावतीवर वर निघालं. त्या सैन्यात गोरे होते तसे हिंदी शिपाईही होते, हे विसरू नका. ही गोष्ट ‘ते आणि आपण’ अशी सरळ नाही.

युद्ध जेमतेम दोन-तीन आठवडे चाललं. नोव्हेंबरच्या अखेरीला थिबा शरण आला. राजा आणि राणी सुपायलत यांना बैल जुंपलेल्या गाडीतून राजवाड्याबाहेर नेलं, रस्त्याच्या दुतर्फा लोक रडत होते. नदीवर बोट तयार होती. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश इंग्रजी साम्राज्याला जोडल्याची घोषणा झाली. नव्या वर्षाची भेट! पुढे १९३७ पर्यंत तो देश ब्रिटिश हिंदुस्थानचा एक प्रांत म्हणून राहिला.

राजाला आधी रंगूनला, मग मद्रासला नेलं. राणी दिवसांत होती. मद्रासला तिसरी मुलगी झाली, आणि ती काही आठवड्यांची असताना, एप्रिल १८८६ मध्ये, सगळ्यांना जहाजातून रत्नागिरीत आणून उतरवलं. राजा, थोरली राणी, धाकटी राणी, तीन मुली आणि थोडे नोकर. चौथी मुलगी पुढच्या वर्षी रत्नागिरीतच जन्मली.

रत्नागिरीच का? नकाशा उघडा. समोर अरबी समुद्र, म्हणजे ब्रह्मदेशच्या बरोबर उलट दिशेला. मागे सह्याद्री. रेल्वे नाही. आपल्या कोल्हापुरात गाडी १८९१ ला आली, रत्नागिरीला कोकण रेल्वे यायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. पावसाळ्याचे चार महिने बंदर बंद, बोटी येत नाहीत, घाट निसरडे. म्हणजे माणूस आणून ठेवला की ठेवला. भिंतींची फार गरज नाही, निसर्गच पहारा करतो. पुढे इंग्रजांनी या गावाचा असाच उपयोग पुन्हा केला. सावरकरांना १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायला बंदी होती. तुम्ही-आम्ही जिथे हवापालटासाठी जातो, तीच जागा दुसऱ्याला डांबण्यासाठी सोयीची असते. डोंगर आणि समुद्र दोन्ही कामांना सारखेच चालतात.

आता थोडं थांबतो आणि तुम्हाला आपल्याच गावात परत आणतो. कारण थिबाची गोष्ट ऐकताना कोल्हापूरकराला काहीतरी ओळखीचं वाटायला हवं. नाही वाटलं तर आपण आपलाच इतिहास विसरलो.

थिबा रत्नागिरीला उतरण्याच्या फक्त सव्वादोन वर्षं आधी, २५ डिसेंबर १८८३ ला, आपले छत्रपती चौथे शिवाजी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. वय २०. दत्तक आलेले, इंग्रजांच्या देखरेखीखाली वाढलेले. ते वेडे झालेत असं सरकारने ठरवलं आणि त्यांना कोल्हापूरपासून दूर नगरला नेऊन ठेवलं. तिथे ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात महाराजांचा मृत्यू झाला. महाराज वेडे नाहीत, त्यांचा छळ चाललाय, असं तेव्हा कोल्हापुरात घरोघरी बोललं जायचं. पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने ते छापलं. कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला, पुराव्यादाखल दाखवलेली पत्रं बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात गेले. चार महिन्यांची शिक्षा, त्यातले १०१ दिवस भोगले. टिळकांचा पहिला तुरुंगवास कोल्हापूरच्या राजासाठी होता. आपल्या शहरात हे वाक्य किती जणांना माहीत आहे, कुणास ठाऊक.

म्हणजे सत्ता काढून घेतलेल्या राजाला नेऊन दूर ठेवायचं, ही इंग्रजांची नेहमीची रीत होती. दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये रंगूनला नेलं, तो तिथेच १८६२ ला वारला. ब्रह्मदेशचा राजा हिंदुस्थानात, हिंदुस्थानचा बादशहा ब्रह्मदेशात. जफरची कबर तर मुद्दाम निशाणी न ठेवता बुजवली होती, ती १९९१ मध्ये खोदकामात सापडली.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात विलक्षण भाग. तुम्ही रत्नागिरीत गेलात की टिळकांचं जन्मस्थान बघालच. कौलारू, साधं घर, टिळक आळीत. २३ जुलै १८५६ ला टिळक रत्नागिरीत जन्मले. वडील शिक्षक, त्यांची बदली झाली म्हणून दहा वर्षांचा बाळ पुण्याला गेला. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि कुठे पाठवलं? मंडालेला. थिबाच्या राजधानीत.

म्हणजे १९०८ ते १९१४ अशी जवळजवळ सहा वर्षं रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदी होता आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी होता. कोणी मुद्दाम जुळवून आणलेली ही अदलाबदल नाही. साम्राज्य मोठं होतं, दूरच्या जागा पुष्कळ होत्या, आणि प्रत्येकाची दूरची जागा म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी घर होतं. तारखा जुळवून बघितल्या की अंगावर काटा येतो. १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक मंडालेच्या कोठडीत पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. त्याच हिवाळ्यात, १९१० च्या नोव्हेंबरमध्ये, थिबा आपल्या नव्या वाड्यात राहायला गेला. एकाला मंडालेचा उन्हाळा सोसवत नव्हता, दुसऱ्याला रत्नागिरीचा पाऊस. टिळक तिथे असताना १९१२ मध्ये इकडे त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या. त्याच वर्षी रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी वारली.

आता वाड्याकडे येऊ. पहिली २४ वर्षं राजाचं कुटुंब रत्नागिरीतल्या बंगल्यांमध्ये राहिलं. तक्रारी, अर्ज, पत्रं चालूच होती. भत्ता पुरत नाही, जागा अपुरी आहे, मंडालेहून आणलेले हिरे-माणकं विकावी लागतात. शेवटी सरकारने १९०६ मध्ये बांधकाम काढलं आणि १९१० ला वाडा पूर्ण झाला. जांभा दगड, उतरतं छप्पर, पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं मोठं दालन. आणि लाकूड? ब्रह्मदेशी सागवान. ज्या लाकडावरून राज्य गेलं, त्याच लाकडाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या त्याला मिळाल्या.

वाड्यात गेलात की फोटो काढायच्या आधी पश्चिमेकडच्या त्या खिडक्यांशी जरा उभे राहा. खाली भाट्याची खाडी, पुलाच्या पलीकडे सुरूचं बन, पुढे मोकळा समुद्र. रत्नागिरीत सांगतात की राजा दुर्बीण घेऊन इथून जहाजं बघायचा. सांगोवांगीची गोष्ट आहे, पण त्या जागी उभं राहिल्यावर खोटी वाटत नाही. एकच आहे, त्याचं घर त्या समुद्राच्या पलीकडे नव्हतंच. ते पाठीमागे होतं, सह्याद्रीच्या आणि अख्ख्या हिंदुस्थानच्या पल्याड.

चार राजकन्या याच गावात मोठ्या झाल्या. शाही रक्त, पण बरोबरीचा नवरा कुठून आणायचा? सरकार ठरवेल तो, आईबाप मान्य करतील तो, असा नवरा सापडेना. मुली मराठी बोलायला शिकल्या. थोरल्या राजकन्येचं प्रेम जुळलं ते वाड्यावरच्याच नोकरीतल्या गोपाळ सावंत या माणसाशी. त्याचं आधीच लग्न झालेलं होतं. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, तिचं नाव टुटू. म्हणजे ज्या वर्षी राजासाठी वाडा बांधायला घेतला, त्याच वर्षी त्याची नात जन्मली. तो वाडा मात्र तिच्या नशिबी फार काळ नव्हता.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला, वय ५७. नव्या वाड्यात तो सहाच वर्षं राहिला. सुपायलतचा हट्ट होता की मृतदेह ब्रह्मदेशात न्यायचा. सरकारला भीती अशी की मेलेला राजा परत आला तर जिवंत राजापेक्षा भारी पडेल. परवानगी मिळाली नाही. बराच काळ शवपेटी तशीच राहिली आणि शेवटी १९१९ मध्ये रत्नागिरीतच थडगं बांधून राजा आणि धाकटी राणी यांना तिथे ठेवलं. त्याच वर्षी सुपायलतला मुलींसह परत जायला मिळालं. मंडालेला नाही, रंगूनला. १९२५ ला ती तिथेच वारली.

थोरली राजकन्याही गेली होती, टुटूला घेऊन. पण तिचं मन तिकडे रमलं नाही, की तिकडच्यांनी रमू दिलं नाही, काय ते असो; ती मुलीला घेऊन रत्नागिरीला परत आली. जिथे कैदेत वाढली, तिथेच स्वतःहून परत. हातात पैसे फारसे उरले नव्हते. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, ती रत्नागिरीत वारली. टुटूने इथल्याच एका मोटार मेकॅनिकशी लग्न केलं, मुलं-बाळं वाढवली, शेणी थापून विकल्या, कागदाची फुलं करून विकली, अस्सल कोकणी बाईसारखी राहिली, बोलली ती मराठीच. २००० साली ती गेली. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाची सख्खी नात, आणि रत्नागिरीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना ती आपल्यातलीच एक म्हातारी.

तिच्या घरच्यांना शोधत जाऊ नका, अशी माझी विनंती आहे. रीलसाठी तर अजिबात नको. ती साधी कामाधंद्याची माणसं आहेत, त्यांचा आजचा दिवस त्यांचा आहे.

थडगं मात्र जरूर बघा. वाड्यापासून फार लांब नाही, शिवाजीनगर भागात, घरांच्या मध्ये. पर्यटक बहुतेक वाडा बघून किल्ल्याकडे पळतात, इकडे कुणी वळत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन खास इथे येऊन गेले. डिसेंबर २०१६ मध्ये, शंभराव्या पुण्यतिथीला, तिथले उपराष्ट्राध्यक्ष आणि लष्करप्रमुख आले, वंशज आले, भिक्खूंनी प्रार्थना केल्या. थिबाचे अवशेष मायदेशी न्यावेत का, यावर तिकडे चर्चा होत राहिली आहे, घराण्यातही एकमत नाही. मला विचाराल तर हा निर्णय आपला नाहीच. आपल्याकडे एवढंच आहे की ते थडगं नीट राहील, आजूबाजूला कचरा पडणार नाही आणि तिथे येणाऱ्याला मराठीत आणि ब्रह्मी भाषेत दोन ओळी वाचायला मिळतील, हे बघणं. एका देशाचा राजा आपल्याकडे ठेव म्हणून आहे. ठेवणारे निघून गेले, ठेव राहिली.

दोन दिवसांचं गणित असं बसवा. शनिवारी दुपारी वाडा, मग थिबा पॉइंटवर सूर्यास्त. रविवारी पहाटे रत्नदुर्ग, ऊन चढायच्या आत. तिथून खाली टिळकांचं घर आणि भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर, १९३१ चं, जे सगळ्या जातींना उघडं होतं. जेवायला सुरमई किंवा बांगडा आणि सोलकढी. तांबडा-पांढरा मागू नका, हसतील. हापूसही मिळणार नाही, पण बागांत मोहोर धरायला लागलेला असतो, त्याचा वास गाडीची काच खाली केली की येतो. वाड्यात सरकारी संग्रहालय आहे, तेव्हा सुट्टीचा वार आणि वेळ निघण्याआधी विचारून घ्या. शिवाजीनगरला थडग्याचा पत्ता विचाराल तेव्हा ‘थिबा राजाची समाधी’ म्हणा, लोक लगेच सांगतात.

पुढच्या भागात असाच दूर राहिलेला आणखी एक राजा, या वेळी आपला: छत्रपती राजाराम महाराज, इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्सला वारलेले, वय अवघं २०. आर्नो नदीकाठी त्यांना अग्नी दिला, आणि तिथल्या बागेत त्यांची छत्री अजून उभी आहे. तुमच्यापैकी कुणी इटलीत शिकायला असेल आणि ती बघून आला असाल, तर आवाजी निरोप पाठवा, भागात घेऊ.